सलग नऊ तास

फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली अडकवलेला कागद. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: शंभू, रात्रीची सगळ्यात लांब झोप.

सोमवार – एक तास चाळीस मिनिटं.
मंगळवार – दोन तास पाच.
बुधवार – पन्नास मिनिटं. दात येतायत का?
गुरुवार – एक तास. परत एक तास. परत.
शुक्रवार – लिहायचं त्राण नाही.
शनिवार –

शनिवारचा रकाना रिकामा राहिला. रविवारी सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पूर्वाला जाग आली तेव्हा शनिवारची रात्र संपून गेली होती आणि शंभू एकदाही रडला नव्हता.

तिला जाग आली ती गाऊन ओला झाला म्हणून. छाती दगडासारखी घट्ट झाली होती, दूध आपोआप वाहत होतं. खिडकीबाहेर फटफटत होतं. खाली वॉचमनने मोटर सुरू केली होती. आणि आधी तिला बरं वाटलं, हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. झोपलो आपण. पाच महिन्यांत पहिल्यांदा. उद्या सोमवार, उद्यापासून खराडीचं ऑफिस. चला, लेकाला कळलं म्हणायचं.

मग तिने बोटांवर तास मोजले. आठला पाजलं होतं. नऊ, दहा, अकरा, बारा. एक, दोन.

दोनचा अलार्म वाजलाच नव्हता.

तीन, चार, पाच. नऊ तास.

ती कुशीवर वळली. शंभू उताणा होता, दोन्ही हात कानांशी, जसा ठेवला होता तसाच. तिने त्याचा हात उचलला आणि सोडला. तो पडला. लहान मूल झोपेतसुद्धा हात ओढून घेतं, मूठ मिटतं, कुरकुरतं. हा हात ओल्या फडक्यासारखा खाली आला आणि तिथेच राहिला.

"शंभू."

तळव्याला गुदगुल्या. गालावर टिचकी. पाण्याचा हात कपाळावर. स्तन ओठांना लावला तर दूध ओठांवरून ओघळून मानेच्या घडीत गेलं. त्याने चोखलं नाही.

तिने नाकाखाली बोट धरलं. वारा लागला.

मग नाही.

मग नाहीच.

मग लागला.

आणि तिच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट आली: दोन वळसे. दोनच घेतले होते मी.

*

तर त्या वळशांचं सांगायला हवं.

शंभू झाला तेव्हा पूर्वाची सासू सत्यशीलाबाई वर्ध्याहून आल्या, त्या सहाण आणि गुटीचा डबा घेऊनच. डब्यात हळकुंड, हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम. त्या गुटीला घुटी म्हणत. सहाणेवर आईच्या दुधात एकेक वस्तू उगाळायची, कशाचे चार वळसे, कशाचे दोन, आणि जायफळाचा एकच. जायफळाने मूल झोपतं. जास्त झालं तर जास्त झोपतं.

पण बाळाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, सहा महिने आईचं दूध, बाकी थेंब नाही. गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सत्यशीलाबाईंनी स्वतःच्या हातांनी डबा माळ्यावर टाकला. "शिकलेले लोक सांगून राहिले तर ऐकावं बापा," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. आणि इथेच घात झाला. बंदी सगळ्यांनाच मान्य, त्यामुळे घरात कुणी कुणाला विचारायचा प्रश्नच उरला नाही. उघड गुटी दिली असती तर चमच्यावर चार जणांची नजर असती. रोज वाद झाला असता, पण माप राहिलं असतं.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला, सासूबाई खाली देवळात गेलेल्या असताना, पूर्वाने स्टुलावर चढून डबा काढला. जायफळाचे दोन वळसे घेतले. एकाने काय होणार, असं वाटलं. सहाण धुतली, पुसली, डबा परत ठेवला. मग ओट्याला टेकून उभी राहिली. उद्या रात्री पुन्हा द्यायचं की नाही याचाच विचार ती करत होती.

*

"योगेश. योगेश, ऊठ. हा उठत नाहीये."

"झोपू दे ना मग."

"उठत नाहीये म्हणतेय मी."

नवरा उठून बसला. त्याने शंभूला उचललं तशी मान मागे कोलमडली. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"अलार्म वाजला नाही माझा," ती म्हणाली.

"मी बंद केला. तुला झोप मिळावी म्हणून." मग त्याने तेच परत सांगितलं, जणू तिने ऐकलंच नाही. "तुला झोप मिळावी म्हणून गं."

सत्यशीलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. केस सुटलेले, डोळ्यांवर चष्मा नाही. "काहून? काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि बाळाकडे पाहून पदर तोंडाशी नेला. त्या आत आल्या नाहीत.

*

गाडीत. पूर्वा मागे, शंभू मांडीवर, फोनवर सेकंद पळतायत. एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजायला तिला प्रसूतीनंतर नर्सने शिकवलं होतं. तिसाच्या खाली गेली तर फोन करा, नर्स म्हणाली होती.

धायरी फाटा. अठरा.

दुधाचा टेम्पो आडवा. योगेश हॉर्नवरून हात काढत नाही.

वडगाव. सतरा.

"आई, तुम्ही त्याचे पाय चोळा."

"चोळून राहिली."

माणिकबाग. सोळा, किंवा सतरा. गतिरोधकावर आकडा चुकला, पुन्हा एकपासून सुरुवात. ओठांच्या कडा कशा दिसतायत? रस्त्यावरचे दिवे पिवळे आहेत म्हणून दिसतायत का तशा?

सांगू का आत्ताच, गाडीतच? सांगितलं तर योगेश वळून बघेल. वळून बघितलं तर गाडी.

विठ्ठलवाडी. चौदा.

नको. नको. नको. नको. प्रत्येक नकोला एक श्वास, आणि मधल्या जागेत काहीच नाही.

*

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक गृहस्थ रात्रपाळी संपवायच्या बेतात बसले होते. योगेशने धापा टाकत सांगितलं, बाळ झोपलंय, उठत नाही.

"लोक बाळ झोपत नाही म्हणून आणतात," ते रजिस्टर ओढत म्हणाले, "तुम्ही झोपलंय म्हणून आणलंत." मग मान वर करून त्यांनी पूर्वाच्या हातांतलं गाठोडं पाहिलं. उठून स्वतःच आतलं दार धरून उभे राहिले.

आत पांढरा उजेड. ड्युटीवरच्या डॉक्टर वयाने पूर्वाहून लहान असाव्यात, कोटावर नाव होतं कल्याणी. त्यांनी शंभूला टेबलावर घेतलं, तोंडावर छोटासा मास्क धरला, एका नर्सने पिशवी दाबायला घेतली. दुसऱ्या नर्सच्या हातात फॉर्म होता.

बाळाचे नाव: शंभू योगेश
वय: पाच महिने तीन दिवस
वजन: साडेसहा
शेवटचे दूध: रात्री आठ
ताप: नाही
पडणे, मार लागणे: नाही
दुधाव्यतिरिक्त काही दिले:

"नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. प्रश्न पुरता व्हायच्या आत.

"नाही," योगेश म्हणाला, आणि त्याच्यापुरतं हे खरं होतं.

नर्सने पूर्वाकडे पाहिलं.

पूर्वाला वाटलं, हा रकाना भरला की मी त्याची आई राहणार नाही. माझ्याच हाताने मी. आणि त्याच वेळी तिला मास्कखाली ते नाक दिसत होतं, आणि दर वेळी नर्सचा हात पिशवी दाबायचा तेव्हाच ती छाती वर येत होती. आता श्वाससुद्धा कुणीतरी दिल्याशिवाय त्याला घेता येत नव्हता.

"जायफळ," ती म्हणाली. "दोन वळसे. साडेसातला."

योगेश वळला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर कल्याणींनी बॅटरीचा झोत शंभूच्या डोळ्यांत टाकला. पापणी वर केली. दुसरी वर केली. "फक्त दोन?"

"हो."

"खात्री आहे?"

मग मागून, फार हलक्या आवाजात: "दोन माह्येबी."

सत्यशीलाबाई भिंतीला टेकल्या होत्या. "देवळातून आली, तर ही आंघोळीला गेलेली. म्या पटकन दिले. डबा काढायला शंभरदा वर चढायचं नको म्हणून जायफळ मी उशीखालीच ठेवते. दुसरं आहे ते. महिनाभर देऊन राहिली मी. रोज एकच. काल दोन दिले. सोमवारी तिला कामावर जायचं, म्हटलं झोपू दे पोरीला." त्यांनी पूर्वाकडे पाहिलं नाही. "मला काय माहीत तू बी."

महिनाभर. पूर्वाने तेवढंच ऐकलं. म्हणजे कागदावरचे ते सगळे आकडे, ते दोन तास पाच, जायफळ देऊनच.

"चार वळसे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "ते चांगलं नाहीच. पण त्याने हे होत नाही. इकडे या. बघा."

पूर्वाने पाहिलं. शंभूच्या काळ्याभोर डोळ्यांत बाहुली असायची तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. त्या डोळ्यातून तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"बाहुल्या अशा बारीक व्हायला दोन-तीन कारणं असतात, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. चुकीच्या बाजूने गेले तर वेळ जाईल. घरात झुरळांचं औषध मारलंय का?"

"गुरुवारी," योगेश म्हणाला. "पेस्ट कंट्रोलवाले आले होते. सगळ्या खोल्यांत."

"बाळ कुठे होतं?"

"बाहेर नेलं होतं. चार तास. त्यांनी चारच सांगितले होते." त्याचा आवाज फाटला. "चादरी नाही धुतल्या आपण. पूर्वा, चादरी धुतल्या का?"

"की आणखी कुणी काही दिलं? विचार करा. घरात आणखी कोण हात लावतं बाळाला?"

*

सुंदराबाई.

ती धायरी गावातली. इमारत उभी आहे त्या जागेत तिचा मळा होता असं ती सांगे, आणि पार्किंगकडे बोट दाखवून विहीर कुठे होती ते दाखवी. आता त्याच इमारतींतली बाळं न्हाऊमाखू घालायची. तेल चोळताना बाळाला अशी फिरवी की बघणाऱ्याचा जीव वर व्हावा आणि बाळ हसावं. रोज सकाळी येई. पण रात्रीच्या झोपेसाठी आंघोळ संध्याकाळी घालावी असं पूर्वाने कुठेतरी वाचलं, तेव्हापासून ती सहाला येऊ लागली. संध्याकाळी सहाला, झोपायच्या आधी.

फोन सात वेळा वाजला.

"हा, ताई? आज रैवार ना. आज सुट्टी हाय माजी."

"सुंदराबाई, काल शंभूला तुम्ही काही दिलं का?"

"म्या? म्या काय द्यायची? तेल लावलं, पीठ लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली. झालं की."

"तोंडात काही?"

"न्हाय बा." मग लगेच, "का वो? कोन काय म्हनलं?"

त्या 'का वो' मध्ये भीती होती. पूर्वाला ती ओळखू आली, कारण दहा मिनिटांपूर्वी त्या फॉर्मसमोर ती स्वतः तशीच घाबरली होती. दम दिला तर ही फोन ठेवेल. पोलिसाचं नाव काढलं तर कायमचा ठेवेल. योगेश हात पुढे करून फोन मागत होता, "दे इकडे, मी बोलतो तिच्याशी," आणि पूर्वाने पाठ फिरवली.

"सुंदराबाई, ऐका. काल मी त्याला जायफळ दिलं. चोरून. दोन वळसे. आईंनीपण दिलं, दोन. त्याही चोरून. आम्ही दोघींनी आत्ता डॉक्टरांना सांगितलंय. आता तुमचं राहिलंय फक्त. मी तुम्हाला काही म्हणणार नाही. काय ते सांगा, म्हणजे त्यांना कुठलं औषध द्यायचं ते कळेल."

पलीकडे कोंबडा आरवला. भांडं ठेवल्याचा आवाज.

"डोळं उघडतोय का?" सुंदराबाईने विचारलं.

"नाही."

"श्वास?"

"नर्स देतेय, पिशवीने."

पूर्वाने फोन कानावर इतका दाबला की कान दुखला.

"बारकी गोळी दिली व्हती," सुंदराबाई म्हणाली. "मोहरीएवढी बी न्हाय. आमच्या समद्या पोरास्नी दिलीया ती, खुरपायला जाताना. माज्या सासूनं दिलीया. कुनाला काय झालं न्हाय."

"कशाची गोळी?"

"ताई, काल पैल्यांदाच दिली. माज्या नातवाची आन."

"कशाची, सुंदराबाई?"

"अफूची."

पूर्वाने वळून तो शब्द मोठ्याने म्हटला. डॉक्टर कल्याणींनी तो पुरता व्हायच्या आतच खूण केली; नर्स आधीच कपाटाकडे गेली होती. फोन अजून कानाशी होता आणि सुंदराबाई अजून बोलत होती. घाईघाईने, जणू तीही हे पहिल्यांदाच कुणाला सांगत होती.

"परवा तुमी न्हानीत बसून रडत व्हता ना ताई. दार लावून. म्या बाहेर पोराला पुसत व्हते. तुमी म्हनला, कायबी करा सुंदराबाई, पन एक रात हा झोपू दे. मला लई वंगाळ वाटलं. म्हनलं, एवढी शिकलेली बाई माज्या पाया पडल्यावानी बोलतीया."

तिने ते म्हटलं होतं. शब्दशः तेच. त्यावर सुंदराबाईने काय उत्तर दिलं होतं ते मात्र तिला आठवेना.

*

इंजेक्शन.

एक मिनिट. पिशवी दाबणाऱ्या नर्सचा हात चालू.

दीड मिनिट. योगेश काहीतरी पुटपुटतोय, आई भिंतीशी तशाच.

दोन.

नर्सने हात थांबवला. पूर्वाला वाटलं, संपलं, म्हणून थांबवला. छाती आपणहून वर आली. खाली गेली. लगेच पुन्हा वर आली.

मग शंभूने भिवया एकत्र आणल्या. अगदी म्हाताऱ्यासारख्या. तोंड वाकडं झालं, पण आवाज नाही, नुसतं तोंड. हा भाग फार लांबला. आणि मग तो रडला. बारीक, घोगरं, आणि नंतर पोटातून, पाय झाडत, लालबुंद होऊन.

पूर्वाने हात पुढे केले. डॉक्टरांनी तिला मनगटाला धरून थांबवलं.

"थांबा. हे औषध लवकर उतरतं. अफू त्याहून जास्त वेळ राहते. म्हणजे आता जागा झालाय, पण तासाभरात पुन्हा खाली जाऊ शकतो. तेव्हा परत द्यावं लागेल, कदाचित दोनदा, तीनदा. उद्या सकाळपर्यंत इथे राहील. तो झोपला की आम्हाला सांगायचं. प्रत्येक वेळी. आणि पोलिसांना कळवावं लागेल, तो नियम आहे. ते येतील, विचारतील."

"सांगू," पूर्वा म्हणाली.

*

अकरा वाजता हवालदार आले. वॉर्डाच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर वही. तोवर शंभूला आणखी एकदा इंजेक्शन द्यावं लागलं होतं. सकाळी साडेसातला तो पुन्हा गुंगीत गेला होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पूर्वाच्या बोटाला धरलेली मूठ हळूहळू उघडत.

"गोळी कोणी दिली?"

"सुंदराबाईंनी."

"तुमच्या संमतीने?"

"मी म्हटलं होतं, काहीही करा."

हवालदारांनी पेन थांबवलं. "ताई, नीट विचार करून बोला. असं लिहिलं तर तुमच्यावरही येतं. ती बाई तर पळून गेली असणार एव्हाना."

"ती खाली आलीये," योगेश म्हणाला. खिडकीशी उभा होता तो. "गेटपाशी बसलीये. वर येत नाहीये."

हवालदारांनी खिडकीकडे पाहिलं.

"लिहा," पूर्वा म्हणाली. "मी म्हटलं होतं, काहीही करा, पण एक रात्र हा –"

ती थांबली. पलंगावर शंभूचे डोळे जड होत होते. पापणी खाली आली, उघडली, पुन्हा खाली आली. त्याने तोंडाने चोखल्यासारखं केलं आणि मान एका बाजूला कलंडली.

"नर्स."

नर्स आली, मग डॉक्टर कल्याणी. त्यांनी पापणी उचलून पाहिलं, छातीवर नळी ठेवून ऐकलं, घड्याळ लावलं. पूर्ण मिनिटभर उभ्या राहिल्या. पूर्वाने स्वतःचा श्वास सोडला नाही.

"ही झोप आहे," त्या म्हणाल्या. "साधी. दमलाय तो. झोपू द्या."

"नक्की?"

"आत्ता तरी नक्की. नळ्या लावल्यात, यंत्र ओरडेल. तुम्हीही पडा जरा. तुमचे डोळे बघा कसे झालेत."

डॉक्टर गेल्या. हवालदार चहाला गेले. योगेश गेटकडे गेला की आणखी कुठे, त्याने सांगितलं नाही. पलंगाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं होती. सत्यशीलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच सुनेकडे सरळ पाहिलं.

"तू पड पूर्वा. मी बसून राहते त्याच्यापाशी."

पूर्वाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. सुरकुतलेले, स्वच्छ हात. महिनाभर रोज. मग तिने स्वतःचे हात पाहिले.

"नको, आई. तुम्ही पडा. मी आहे."

सासूबाईंनीही तिच्या हातांकडे पाहिलं, आणि नकारार्थी मान हलवली.

मग दोघीही बसल्या. एक या बाजूला, एक त्या बाजूला. बाहेर ऊन वर चढलं, कुणीतरी डबा आणून ठेवला, तो कुणी उघडला नाही. शंभू झोपला होता. दर थोड्या वेळाने पूर्वाचं बोट चादरीखालून त्याच्या तळव्याकडे सरके, आणि तिथे दुसरं एक बोट आधीच पोचलेलं असे.